फुली मारलेलं सामान

पैलवानाने कपाट पाठीवर घेतलं, पट्टा कपाळाला लावला आणि खोलीच्या दारातच अडकला. त्याला पैलवान हे नाव ज्याने ठेवलं त्याची नजर अधू असावी. खुंटीला सदरा टांगून ठेवावा तसा माणूस. पण जड कपाट आलं की सगळे त्यालाच हाका मारायचे.

"तिरका हो," अण्णा पलंगावरून म्हणाले.

"मी तिरकाच आहे, अण्णा. आता दाराला सांगा."

धाकटा हातात पाना घेऊन पलंगापाशी उकिडवा बसला होता. पलंग सोडवायचा होता आणि पलंगावर त्याचे वडील पेपर वाचत बसले होते. सकाळपासून तेच पान चाललं होतं.

"अण्णा, उठता का? पलंग न्यायचाय."

"फुली कुठंय?"

धाकट्याने खिशातून खडू काढला आणि अण्णांच्या पोटरीशेजारी, पलंगाच्या पायावर फुली मारली. अण्णांनी वाकून ती बघितली. पेपरची घडी घातली. मग उठले. फुलीपुढे त्यांचंही काही चालायचं नाही, कारण नियम त्यांचाच होता.

दुसऱ्यांची घरं हलवायची, त्यावर हे घर चालत होतं. दारात ट्रक, अंगणात खोकी, जिन्यात दोरखंड. फुली असेल ते जाईल, नसेल ते राहील. उचलणाऱ्याने डोकं चालवायचं नाही. डोकं चालवलं की काचा फुटतात, असं अण्णांचं म्हणणं. एकदा एका घरी नातवाने आजोबांच्या आरामखुर्चीवर फुली ओढून ठेवली. आजोबा खुर्चीत डुलकी काढत होते. पैलवानाने खुर्ची उचलली आणि आजोबांसकट मधल्या जिन्यापर्यंत नेली. आजोबांनी एक डोळा उघडला आणि "हळू," एवढंच म्हणाले. अण्णा त्यावर पैलवानाला चकार शब्द बोलले नाहीत. फुली होती ना.

धाकट्याचं काम घरं बघायचं. लोकांनी बोलावलं की जायचं, खोल्यांतून एक चक्कर मारायची आणि सांगायचं, एका ट्रकमध्ये मावेल की दोन लागतील. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठल्या खुर्चीत कोण बसतं, कुठल्या खोलीत भांडणं होतात, कुठलं कपाट वर्षानुवर्षं उघडलेलं नाही, हे त्याला चहा येईपर्यंत कळायचं. निम्म्या गावाला त्याने या घरातून त्या घरात नेलं होतं. स्वतः पस्तिशीला आला तरी जन्मल्यापासून याच खोलीत झोपत होता. आणि खोली तरी त्याची कुठे होती. भिंतीला आईची शिलाई मशीन, कोपऱ्यात सामानाला गुंडाळायच्या जाड चादरींची चळत, दारामागे थोरल्याच्या पोरांच्या सायकली. दार लावायचं म्हटलं तर आधी सायकली हलवायला लागायच्या. तेवढ्यात कुणीतरी आत यायचंच.

त्याला बायको नको होती असं नाही, नोकरी बदलायची होती असंही नाही. त्याला एक दार हवं होतं. आपण उघडायचं आणि आत कुणी नसायचं. बास.

हे घरात सांगितलं तेव्हा वहिनीने विचारलं, कोण आहे ती. कुणी नाही म्हटल्यावर ती जास्तच काळजीत पडली.

तो दोन बॅगा घेऊन मुकाट्याने निघणार होता. अण्णांनी हाणून पाडलं. "गावाचं सामान आपण हलवायचं आणि आपला पोरगा बॅगा घेऊन पायी निघाला? लोक म्हणतील, पळून चाललाय. ट्रक जाईल. नीट बांधून जाईल. हे पण गिऱ्हाईकच."

आता थोरला ट्रकचं दार उघडं टाकून वाट बघत होता. धाकटा शेजारी चढून बसला तसा तो गिअर टाकत म्हणाला, "महिनाभर. फार तर."

"काय महिनाभर?"

"मग फोन येईल. आई, करमत नाही गं."

मागे सामानात बसलेला पैलवान फिदीफिदी हसला.

"मी असलं काही म्हणणार नाही," धाकटा म्हणाला.

"आम्ही कुठे म्हणतोय आत्ता म्हण."

"कधीच म्हणणार नाही. लिहून देऊ?"

"लिहून नको देऊस. तोंडाने म्हणशील तेव्हा ऐकू आम्ही."

नवी जागा दुसऱ्या मजल्यावर होती. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, मोरी आणि रस्त्याकडे तोंड करून एक मोठी खिडकी. आईसुद्धा आली होती, जागा बघायला म्हणून. तिने नळ सोडून बघितला, ओट्यावर बोट फिरवलं, खिडकी उघडून बराच वेळ बाहेर बघितलं. मग धाकट्याच्या हातातून किल्ल्या घेतल्या, कडीतून एक काढली आणि कमरेला खोचली.

"कशाला?"

"हरवशील."

"मी लहान आहे का?"

"किल्ली हरवायला लहान असावं लागत नाही. अण्णांनी किती हरवल्या?"

सगळे गेल्यावर धाकट्याने दार लावलं. कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मग वळून खोक्यांकडे बघितलं आणि खोक्यांच्या मागे, खिडकीशी, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी उभं दिसलं. ते काय असेल हे चादर न काढताच त्याला कळलं. एवढी वर्षं त्याच्या पायथ्याशी तेच उभं होतं.

शिलाई मशीन. तिच्यासमोरचं स्टूलही आलं होतं.

त्याने गडबडीने आठवून बघितलं. मशीनवर त्याने फुली मारली नव्हती. गुडघ्यावर बसून फळीच्या खाली डोकं घातलं, तर फुली होती. छोटी, चारही बाजू सारख्या, टाका घातल्यासारखी. अण्णांची फुली हात पसरून झोपलेल्या माणसासारखी असायची, थोरल्याची लंगडी. ही आईचीच होती.

तो तसाच फरशीवर बसून राहिला. आईने चोरून सोबत पाठवली, पोराला एकटं वाटू नये म्हणून. जरा बरं वाटलं आणि त्याबरोबर रागही आला. घरातून निघालो आणि घर मागोमाग जिना चढून आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन लावला.

"मशीन आली इकडे."

"अगंबाई. हो का?"

"आई, खाली फुली आहे."

"असेल. पोरं खडूने खेळत असतात."

"न्यायला सांग थोरल्याला."

"ट्रक मोकळा झाला की सांगते. राहू दे तोवर. तिला तुझी सवय आहे."

ट्रक काही मोकळा होईना.

मशीन सोडली तर धाकट्याचं बेस्ट चाललं होतं. टॉवेल ओला असला तरी खुर्चीवर टाकायचा. ओट्याशी उभ्या उभ्या जेवायचं, पातेल्यातूनच. संध्याकाळी किल्लीने दार उघडायचं आणि उंबऱ्यात क्षणभर थांबायचं. आतून कुणी विचारत नसे, आलास का, कुठे होतास, दूध आणलंस का. न विचारलेला तो प्रश्न त्याला रोज नव्याने गोड लागायचा.

कामावर मात्र काहीतरी बिघडलं होतं. पहिल्यांदा पैलवानाने त्याला बाजूला घेतलं.

"दिवा लावून झोपत जा," तो हळू आवाजात म्हणाला. "मी पण झोपायचो. त्यात लाजायचं काय."

"कशाला?"

"बरं वाटतं."

मग वहिनीने डबा पाठवला. मग अण्णा, ज्यांनी आयुष्यात कुणाच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता, त्यांनी ट्रकला टेकून उभ्या असलेल्या धाकट्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि घाईघाईने दोर मोजायला निघून गेले. थोरला एक दिवस नुसताच बघून म्हणाला, "होतं रे असं सुरुवातीला."

"कसं होतं?"

"काही नाही. तू कशाला मनाला लावून घेतोस."

हे सगळे मिळून आपली फिरकी घेतायत, धाकट्याने ठरवलं. महिना भरत आला होता ना. त्याने दुर्लक्ष केलं आणि घरं बघायला गेला.

पण घरं बघायची नजर काही कामापुरती चालू आणि घरी बंद, अशी नसते. एका संध्याकाळी तो उंबऱ्यात नेहमीसारखा थांबला आणि नेहमीसारखं गोड वाटेना. खुर्ची. सकाळी ती ओट्याकडे तोंड करून होती. आता खिडकीकडे होती. पाठीवरचा ओला टॉवेल दोरीवर गेला होता. उशीला खळगा होता आणि तो त्याच्या डोक्याचा नव्हता, त्याच्या डोक्याचा खळगा त्याला ओळखू येत होता. रेडिओ लावला तर भलतंच स्टेशन लागलं. झोपायला पलंगावर चढताना पायाखाली काहीतरी कचकन मोडलं. शेंगेचं टरफल.

कुणीतरी इथे येत होतं. नुसतं डोकावून जात नव्हतं, मुक्काम ठोकून बसत होतं.

थोरला, त्याला वाटलं. आईकडची किल्ली ढापली असणार. येऊन बघतोय, पोरगा रडतो का. उद्या येऊन पकडायचा आणि पैलवानासमोर त्याची वरात काढायची. या विचाराने त्याला इतका आनंद झाला की झोप लागायला वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने एक घर अर्ध्यात सोडलं. बाई सांगत होत्या, माळ्यावर पण सामान आहे. तो म्हणाला, माळ्याचा अंदाज मला खालूनच येतो. चपला हातात घेऊन आपल्याच घराचा जिना चढला. दाराला कान लावला. आत रेडिओ बारीक चालू होता. त्याने किल्ली फिरवली आणि दार धाडकन ढकललं.

आई खुर्चीत बसली होती. खुर्ची खिडकीला लावलेली, पाय मशीनच्या फळीवर पसरलेले, मांडीवर शेंगांचा पुडा. मशीन बंद. तिच्यावर शिवून झालेल्या दोन चादरी घडी घालून ठेवलेल्या, काम झालं या अर्थी. आणि खाली, खुर्चीच्या चारही बाजूंना, टरफलंच टरफलं. घरी पोरांच्या हातून एक टरफल सांडलं तर आख्खी गल्ली गोळा होईल असा आवाज काढणारी ही बाई.

"तू?" धाकटा म्हणाला.

"मेल्या, जीव गेला असता माझा." तिने छातीवर हात ठेवला. पाय मात्र खाली घेतले नाहीत. "कामावर नाही गेलास?"

"तू इथे काय करतेस?"

"चादरी शिवते." तिने हनुवटीने चादरींकडे दाखवलं. "झाल्या."

"कधीपासून येतेस?"

"मशीन इथे आहे तर दुसरीकडे कुठे शिवू?"

धाकट्याने चपला खाली टाकल्या आणि पलंगाच्या कडेला बसला. एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात आपापल्या जागी जाऊन बसत होती. वहिनीचा डबा. अण्णांच्या थापा. दिवा लावून झोप.

"घरी काय सांगून येतेस?"

आई शेंग फोडायला लागली.

"आई."

"सांगते आपलं काहीतरी. मशीन तिकडे गेलीये. चादरी शिवायच्यात."

"आणि?"

"आणि तुला करमत नाही. रिकाम्या घरात शिरवत नाही, म्हणून तू येईपर्यंत थांबते."

बाहेर एक गाडी हॉर्न वाजवत गेली. धाकटा उठला, परत बसला.

"सगळ्यांना सांगितलंस? मला करमत नाही म्हणून?"

"वाईट वाटलं रे सगळ्यांना. अण्णा तर जेवले नाहीत नीट त्या दिवशी."

"आई, पैलवान मला दिवा लावून झोप म्हणतो."

"पैलवान चांगला आहे."

"मी थोरल्याला काय सांगून आलो होतो माहितेय? मी म्हटलं होतं, कधीच म्हणणार नाही. आणि तू त्याला आयतं..." त्याने हात हवेत झटकला. "दुसरं काहीही सांगायचं होतंस."

"काय सांगू?" आईने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "मला करमतं, असं सांगू?"

धाकट्याने पायाजवळचं एक टरफल उचललं.

"डॉक्टरकडे नेतील मला," ती म्हणाली आणि शेंग तोंडात टाकली.

तो खोलीकडे बघत बसला. सवयीने, म्हणजे घर बघायला गेल्यावर बघतो तसा. मग डोक्यातल्या डोक्यात जुन्या घरातून एक चक्कर मारली. अण्णांची पेपर वाचायची जागा. थोरल्याची दाराशी. वहिनीची ओट्याजवळच्या पाटावर, फोन घेऊन. पोरांची जिन्यात. सगळ्या खोल्या झाल्या तरी आईची जागा येईना. शेवटी मशीनसमोरचं स्टूल आलं. ते इथे होतं.

"घरी मी बसले ना," आई खिडकीकडे बघत म्हणाली, "की सगळ्यांना काहीतरी आठवतं. उभी असते तोवर कुणाला काही आठवत नाही. बसले की आठवतं."

"आणि मशीनवरची फुली?"

"तुला सांगितलं ना, पोरं खडूने खेळतात."

"तुझ्यासारखी फुली?"

"शिकली असतील. हुशार आहेत."

त्याला हसू येऊ नये असं फार वाटत होतं. ते आलं नाही, पण ओठांपर्यंत येऊन गेलेलं आईने बघितलं. तिने पुडा त्याच्यापुढे धरला. त्याने घेतल्या नाहीत.

"हे घर माझं आहे, आई."

"तुझंच आहे."

"मी कशासाठी घेतलं तुला माहितेय?"

"मला नाही माहीत होय?" ती म्हणाली.

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. थोरला. त्याने आईकडे बघितलं. आईने रेडिओचा कान पिळून आवाज बंद केला.

"अरे, त्या बाईंचा फोन आला, घर अर्ध्यात टाकून गेलास म्हणून. घरी असशील तर सांग, आई आहे का तिकडे?" थोरला म्हणाला. "अण्णांचा चष्मा सापडत नाहीये. आणि हिला विचारायचंय, त्या मोठ्या पातेल्याचं झाकण कुठे ठेवलंय. तू कसा घरी आत्ता?"

"आलो असाच."

"असाच?" आवाजात गंमत यायला लागली होती. मागे पैलवान काहीतरी म्हणाला आणि कुणीतरी हसलं. "काय रे, कामावरून पळून गेलास? एवढं?"

आईच्या हातात एक शेंग होती, अर्धी फोडलेली. ती तशीच राहिली होती. आई त्याच्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. पाय मात्र तिने मशीनवरून खाली घेतले होते आणि ते चपला शोधत होते.

"हे बघ," थोरला म्हणाला, "स्पष्ट सांग. अजून करमत नाही का तुला? नसेल तर बसू दे तिला. करमत असेल तर पाठव लवकर, इकडे कामं पडलीत."

धाकट्याने मोकळ्या हाताने मान खाजवली. पलंगावरून उठून मोरीपर्यंत गेला, तिथून परत आला.

"नाही करमत," तो म्हणाला.

"काय? ऐकू नाही आलं."

"करमत नाही मला."

थोरला हसेल असं त्याला वाटलं होतं. तो हसला नाही, ते जास्त जड गेलं.

"बरं," थोरला म्हणाला. "बरं, बरं. बसू दे तिला संध्याकाळपर्यंत. आम्ही शोधतो चष्मा."

"उद्यापण लागेल."

"उद्यापण?"

"रोजच येऊ दे," धाकटा म्हणाला आणि फोन बंद केला.

खोलीत कचकन आवाज झाला. आईने शेंग फोडली होती. टरफल तिने बघून, नेम धरून, खाली टाकलं.

"चष्मा फ्रिजवर आहे," ती म्हणाली.

"सांगू त्याला?"

"नको. सापडेल त्यांना."

तिने रेडिओ पुन्हा लावला आणि पाय मशीनवर ठेवले, आधी एक, मग दुसरा. धाकट्याने चपला पायात घातल्या.

"कुठे चाललास?"

"ते घर अर्धं राहिलंय बघायचं. माळा राहिलाय."

"जा. आणि येताना बेल वाजव," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मघाशी केवढी दचकले मी."

"वाजवतो," धाकटा म्हणाला आणि दार बाहेरून हळूच ओढून घेतलं.